सही करण्याआधी हे वाचा

कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराचं सगळ्यात मोठं नुकसान बहुतेक वेळा एका सहीने होतं. ऑफिसात बोलावतात, खुर्ची देतात, चहा देतात आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवतात. वर लिहिलेलं असतं ‘फुल अँड फायनल’. खाली रक्कम असते आणि मधे कुठेतरी एक ओळ असते : ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे.’ घरी धानाच्या खताची उधारी असते, पोराची फी थकलेली असते. माणूस रक्कम बघतो, ती ओळ बघत नाही. त्या एका ओळीने कायद्याच्या नजरेत तो कपात झालेला कामगार राहत नाही, स्वतःहून नोकरी सोडलेला माणूस होतो. दोघांचे हक्क फार वेगळे आहेत.

लाखनी, साकोली, पालांदूरच्या टापूतली बरीच घरं आज अर्धी शेतीवर आणि अर्धी कंपनीवर चालतात. कोणी गडेगावच्या एमआयडीसीत आहे, कोणी वरठीला जातो, कोणी राईस मिलमध्ये हंगामभर असतो. पोरं बुटीबोरी, हिंगणा, चाकणपर्यंत पोहोचली आहेत. जिल्ह्याने कारखाना बंद पडताना पाहिलेला आहे. तुमसरजवळच्या माणेकनगरचा युनिव्हर्सल फेरो बंद पडला, तेव्हा त्यावर उभी असलेली घरं, दुकानं, सगळंच हललं. म्हणून हा लेख. काम सुटल्यावर सरकारकडून आणि मालकाकडून काय मिळू शकतं, त्यासाठी कोण पात्र आहे, आणि पात्रता हातची कशी जाते, ते इथे सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हापासून एक प्रश्न वारंवार येतो : परदेशी व्यापारामुळे आमचं काम गेलं तर सरकारची खास मदत आहे का? अमेरिकेत असा कायदा होता. १९६२ मध्ये सुरुवात झाली आणि १९७४ च्या व्यापार कायद्याने तो रुंदावला. आयातीमुळे किंवा काम परदेशी गेल्यामुळे नोकरी गेली, असं तीन कामगारांनी मिळून अर्ज करून दाखवलं, तर प्रशिक्षणाचा खर्च, दर आठवड्याची रक्कम, दुसऱ्या गावी नोकरी शोधायला भत्ता मिळायचा. १ जुलै २०२२ पासून तिथेही नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं आहे.

आपल्याकडे व्यापारामुळे काम गेलं का, हा प्रश्न विचारणारा कायदा नाही. जवळ जाणारे प्रयत्न झाले. सप्टेंबर १९८६ मध्ये बंद कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी आला. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५, असा तो आधार होता. आर्थिक उदारीकरण आलं तेव्हा १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला. कामगारांना नवं कौशल्य देऊन दुसरीकडे लावायचं, असा हेतू होता, पण पैसा बहुतांश सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीत गेला आणि २००० मध्ये निधीच बंद झाला. १८७७ मध्ये सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा विदर्भातल्या हजारो घरांना कळलं की शेवटी उपयोगी पडतो तो कामगार कायदा आणि आपल्या हातातले कागद.

आज जे आहे ते तीन-चार वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेलं आहे : मालकाने द्यायची भरपाई, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी म्हणजे पीएफ, आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळ म्हणजे ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता. प्रत्येक खिडकीवर पात्रता वेगळी आहे, पण काम सुटण्याचं कारण काय नोंदवलं, हे जवळपास सगळीकडे विचारलं जातं.

आधी मालकाकडून येणारे पैसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या आहेत. तुमचं काम त्याआधी सुटलं असेल तर १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा बघावा लागेल, नंतर सुटलं असेल तर औद्योगिक संबंध संहिता. सुदैवाने मूळ हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे. एका मालकाकडे सलग एक वर्ष काम झालेलं असेल तर कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात.

सलग एक वर्ष म्हणजे काय, यावर बरेच जण फसतात. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष पूर्ण मानतात. पगारी रजा, पगारी सुट्ट्या, कामावर झालेल्या अपघाताने घरी बसलेले दिवस, ले-ऑफचे, म्हणजे मालकाने तात्पुरतं बसवून ठेवलेले दिवस त्यात मोजले जातात. मधे आठ दिवसांचा ‘ब्रेक’ दाखवला म्हणून सगळी नोकरी नव्याने सुरू झाली, असं कोणी सांगितलं तर ते जसंच्या तसं मान्य करू नका. हजेरी कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, पीएफची नोंद हे सगळं एकत्र मांडा आणि दिवस मोजा.

हिशोब एकदा प्रत्यक्ष करून बघू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,६०० रुपये आणि नोकरी ९ वर्षं ७ महिने, असं धरा. ७ महिने सहाच्या वर, म्हणून १० वर्षं. कपातीच्या भरपाईसाठी १५ दिवसांचा पगार म्हणजे महिन्याच्या पगाराचा अर्धा धरतात, म्हणजे ७,८००. दहा वर्षांचे झाले ७८,०००. नोटीस दिली नसेल तर त्याचे १५,६००. ग्रॅच्युइटीचं सूत्र वेगळं आहे. तिथे महिन्याचा पगार २६ ने भागून १५ ने गुणतात. १५,६०० ला २६ ने भागलं की ६००, गुणिले १५ म्हणजे ९,०००, आणि दहा वर्षांचे ९०,०००. तिन्ही मिळून १,८३,६००. आता त्या ‘फुल अँड फायनल’ कागदावरची रक्कम आठवा. राजीनामा लिहून दिला असेल तर यातली ग्रॅच्युइटी तेवढी उरते. भरपाई आणि नोटिशीचे पैसे मिळून ९३,६०० रुपये त्या एका ओळीत गेले.

नव्या संहितेने यात एक भर घातली आहे आणि ती अजून फार थोड्यांना माहीत आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या शेवटच्या पगाराएवढी रक्कम कौशल्य निधीत भरायची आणि कपातीच्या ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात यायची, अशी तरतूद आहे. हे पैसे भरपाईव्यतिरिक्त आहेत. भरपाई दिली, आता तोच निधी समजा, असं सांगून तो टाळता येत नाही. मात्र ही तरतूद कपातीसाठी आहे. राजीनामा देणाऱ्याला ती लागू नाही.

कारखाना कायमचा बंद झाला तर? तेव्हाही कपातीसारखीच भरपाई मिळते. मालकाच्या आवाक्याबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने बंद झाला असेल तर मात्र ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित राहू शकते. इथेच मालकाची बाजू व्यापाराकडे बोट दाखवते : परदेशी स्वस्त माल आला, ऑर्डरी गेल्या, गोदामात माल पडून राहिला. कायद्याने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. केवळ आर्थिक अडचण, तोटा, किंवा न विकलेला मालाचा साठा ही टाळता न येणारी कारणं ठरत नाहीत. बाजाराचा फटका हा मालकाच्या धंद्यातला धोका आहे आणि त्यासाठी कामगाराची भरपाई कापता येत नाही. आपल्या कायद्यात व्यापारामुळे काम गेलेल्या माणसासाठी काही ठोस संरक्षण असेल, तर ते हे वाक्य आहे. ते लक्षात ठेवा आणि समेटाच्या बैठकीत बिनदिक्कत बोलून दाखवा.

तात्पुरतं बसवून ठेवलं असेल, म्हणजे ले-ऑफ, तर तो वेगळा प्रकार. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात, वर्षभर काम केलेल्या कामगाराला त्या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतात. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी हजेरी लावावी लागते. ‘काम नाहीच तर जायचं कशाला’ म्हणून घरी राहिलात तर तेवढ्या दिवसांचा हक्क जातो. हंगामी कारखान्याला हा नियम नाही, म्हणून राईस मिलमधल्या हंगामी माणसाने ले-ऑफच्या पैशांवर विसंबू नये.

ग्रॅच्युइटीसाठी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं नोकरी लागते. कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. ठरावीक मुदतीच्या करारावर, म्हणजे ‘फिक्स्ड टर्म’वर असलेल्यांना नव्या संहितांनी एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. आपल्याकडच्या तरुण पोरांपैकी बरेच जण अशाच करारावर आहेत आणि पाच वर्षं झाली नाहीत म्हणून मागतच नाहीत. त्यांनी नेमणूकपत्र काढून करार कोणत्या प्रकारचा आहे ते बघावं.

आता ईएसआयसी. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि चिठ्ठीत ०.७५ टक्के कापले जात असतील तर तुम्ही विमाधारक आहात. औषधोपचाराखेरीज या कार्डाचा दुसरा उपयोग आपल्या भागात फारसा कोणी करत नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली आणि निदान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो. पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. दिवसाची सरासरी ६०० रुपये असेल तर पहिल्या वर्षी दिवसाला ३००, दुसऱ्या वर्षी १५०. या काळात तुमच्यावर आणि कुटुंबावर उपचारही चालू राहतात, आणि मला वाटतं, घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर हा भाग रोख पैशांपेक्षाही मोलाचा आहे. योजना बंदी आणि कपातीसाठी आहे. कंपनीने ऑनलाइन नोंदीत कारण ‘नोकरी सोडली’ असं टाकलं असेल तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून कंपनीने नेमकं काय नोंदवलंय ते शाखा कार्यालयात विचारा आणि चुकीचं असेल तर कपातीची नोटीस जोडून लेखी हरकत द्या.

दुसरी आहे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. ती छोट्या काळाची आहे : आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवस. मूळचा दर २५ टक्के होता, कोरोनाच्या काळात तो ५० टक्के केला आणि सवलतीच्या अटी पुढे मुदत वाढवत चालू ठेवल्या. काम सुटण्याआधी दोन वर्षं विमाधारक असावं लागतं आणि शेवटच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. त्याआधीच्या तीनपैकी एका काळातही तेवढीच. काम सुटून ३० दिवस झाले की दावा करता येतो. गैरवर्तणुकीने काढलेल्यांना, स्वेच्छानिवृत्ती किंवा सेवानिवृत्ती घेतलेल्यांना ती मिळत नाही. दर आणि मुदत बदलत असल्याने अर्ज भरण्याआधी कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्या. आधार आणि बँक खातं कार्डाशी जोडलेलं नसेल तर ते काम आजच करा, नोकरी शाबूत असतानाच.

पीएफबद्दल माझं म्हणणं सरळ आहे : लागेल तेवढेच काढा आणि पेन्शनला हात लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नवे नियम ठरवले. काम सुटल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत, उरलेल्या २५ टक्क्यांसह पूर्ण रक्कम १२ महिन्यांच्या बेरोजगारीनंतर, आणि पेन्शनची रक्कम ३६ महिन्यांनंतर, असा तो निर्णय आहे. आधी दोन महिन्यांत सगळं निघायचं, म्हणून लोक नाराज आहेत, ते समजण्यासारखं आहे. पण पेन्शनचे पैसे काढून टाकल्याने किती जणांचं म्हातारपण उघडं पडलं, ते आपल्या गावात फिरून बघा. एकूण दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून आयुष्यभर मासिक पेन्शन मिळते, माणसामागे बायकोलाही. दहा वर्षं भरायला तीन कमी असतील तर १०-सी अर्जात पैशांऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागा. पुढे कुठेही, चाकणला असो की नागपूरला, नोकरी लागली की जुनी वर्षं त्यात जोडली जातात. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतःच यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, ऑनलाइन खात्यातून टाकू शकता. त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

ठेकेदाराच्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं जातं. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो माझा ठेकाच संपला. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितांतही आहे. अडचण पुराव्याची असते. म्हणून गेटपास सांभाळा. त्यावर कंपनीचं आणि ठेकेदाराचं, दोघांचं नाव असतं. काम सुटताना तो जमा करून घेतात, त्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. यूएएनच्या पासबुकात प्रत्येक महिन्याचे पैसे कोणत्या आस्थापनेच्या नावाने जमा झाले ते दिसतं. ठेकेदार बदलले पण तुम्ही त्याच मशीनवर होता, हे त्यातून सिद्ध करायला मदत होते.

कंपनीच दिवाळखोरीत गेली असेल तर वेळ फार थोडा असतो. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की जाहीर सूचना पेपरात येते आणि दावे मागवले जातात. तिथे कामगारांसाठी ‘फॉर्म डी’ असतो. सगळ्यांचा मिळून एकाने भरायचा तर ‘फॉर्म ई’. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतले पैसे तर त्या वाटपाच्या मालमत्तेत येतच नाहीत. पण दावा केला नाही तर नाव यादीत नसतं. अशा वेळी दहा-पंधरा जणांनी मिळून पेपरवर नजर ठेवायला एकाला नेमावं.

आता त्या सहीकडे परत. दबाव आला तर काय करायचं? कागदाची प्रत मागा. ‘घरी वाचून उद्या देतो’ म्हणा. मागायला लाजू नका, तो तुमचा कागद आहे. पैसे नड म्हणून घ्यावेच लागले तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली. मी राजीनामा दिलेला नाही.’ लिहू दिलं नाही, जबरदस्तीने सही घेतली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र टाका. कोण, कधी, कोणत्या कागदावर सही घेतली, आपली नोकरी किती वर्षांची आणि आपण काम करायला तयार आहोत, एवढं चार ओळींत पुरे. एक प्रत भंडाऱ्याच्या कामगार कार्यालयाला पाठवा. पोस्टाची पावती आणि पोच पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. महिन्याने लिहिलेलं पत्र ‘नंतर सुचलं’ असं ठरवलं जातं. दुसऱ्या दिवशीच्या पत्राला वजन असतं.

नोकरीवरून कमी केल्याचा वाद वैयक्तिकरीत्याही नेता येतो, युनियन असलीच पाहिजे असं नाही. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे ४५ दिवसांत मिटलं नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांवर आली आहे. ‘साहेबांनी परत बोलावतो म्हटलंय’ या एका वाक्यावर दोन वर्षं सहज निघून जातात. साहेबांना बोलवू द्या, अर्ज तोवर दाखल असू द्या. तुमच्या जागी माणसं परत घेणार असतील तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यावी लागते, म्हणून पत्ता आणि मोबाइल नंबर कंपनीकडे लेखी देऊन ठेवा.

पैसे हातात आले की घरात सल्ले सुरू होतात : गाडी घे, दुकान टाक, बोअर मार. धंदा करायचाच असेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा १० किंवा ५ टक्के. कमाल वयाची अट नाही, त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसालाही तो खुला आहे. अनुदानाचा आधार असताना ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम दुकानात ओतणं मला पटत नाही. निदान सहा महिन्यांचा किराणा आणि मुलांची फी बाजूला ठेवून मगच पुढे जा.

वकिलाच्या फीच्या धास्तीने थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट लागत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. सोबत नेमणूकपत्र किंवा गेटपासची झेरॉक्स, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, यूएएनचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, कंपनीने दिलेला प्रत्येक कागद आणि तुम्ही पाठवलेल्या पत्राची पोस्टाची पावती न्या.